आत्याचा अंगठा

पहिल्यांदा कळ आली तेव्हा मी एका पोरीच्या कानाखाली वाजवली. आठशे मीटरचा सराव चालू होता. दुसऱ्या चकरेला पोटात अशी कळ उठली की मी जागेवर वाकले, आणि मागून येणारी ती हसत म्हणाली, "काय वं, थकली का एवढ्यात?" बिचारी एवढंच बोलली. मी सरळ झाले आणि तिला एक ठेवून दिली. तिचा ओठ फुटला. अकॅडमीच्या सरांनी शिक्षा म्हणून मला आख्ख्या ग्राउंडला बेडूकउड्या मारायला लावल्या. दर उडीला पोटात सुरी फिरत होती, पण रडले असते तर त्या फुटक्या ओठाच्या पोरीनं पाहिलं असतं. नाही रडले.

आमच्या घरात हात आधी चालतो, तोंड मागून. माझा बाप चिडला की जे हाताशी सापडेल त्याला हाणायचा. बैल, दार, चालू न होणारी मोटार, माझी आई, मी. हाणून झालं की ओट्यावर जाऊन बसायचा आणि अर्ध्या तासानं चहा मागायचा, जसं काही झालंच नाही. मी त्याचीच लेक. वडनेर भोलजीच्या पोरींना तेव्हा पोलीस भरतीचं वेड लागलेलं, सकाळी हायवेच्या कडेनं पंधरा-वीस जणी पळायच्या. बाकीच्या म्हणायच्या, देशसेवा करायची. मला खरं सांगायला लाज नाही वाटत. मला वर्दी यासाठी पाहिजे होती की वर्दीवाल्या बाईवर घरात कोणी हात उचलत नाही.

ग्राउंड तीन आठवड्यांवर आलं होतं. ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा: आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. ते पार केलं, लेखी काढली की मेडिकल. सर रोज सकाळी घसा फोडून सांगायचे, "मेडिकलमध्ये आख्खं अंग तपासतात. चष्मा चालत नाही, मोडलेलं हाड चालत नाही, पोटावर टाका तं बिलकुल चालत नाही. पोटावर टाका दिसला का बाद!" त्यांना हे कोणी सांगितलं होतं कोण जाणे. आम्ही एकीनंही विचारलं नाही. सर म्हणजे सर.

दुसऱ्या दिवशीही दुखणं थांबलं नाही, उलटी झाली, तेव्हा मी कोणाला न सांगता बसनं मलकापूरला गेले. डॉक्टर म्हातारा आणि शांत होता. त्यानं पोट दाबून पाहिलं, उजव्या बाजूला खाली दाबून हात पटकन सोडला आणि मी त्याचं मनगटच धरलं. सोनोग्राफी झाली. मग त्यानं कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि त्याला करंगळीएवढी शेपटी जोडली.

"ही अपेंडिक्स. हिला सूज आलीये. फुटलेली नाही, आत खडाही दिसत नाही, हे नशीब. आता रस्ते सांगतो. एक, दुर्बिणीतून ऑपरेशन. तीन भोकं, दोन-तीन दिवसांत घरी, पण महिनाभर धावायचं नाही, वजन उचलायचं नाही. दोन, चिरून ऑपरेशन. काम तेच, टाका मोठा, भरून यायला वेळ जास्त. तीन, नुसती अँटिबायोटिक. आधी सलाईनमधून, मग गोळ्या. बऱ्याच जणांची सूज बसते. पण शेपटी आतच राहते, आणि ती परत उठू शकते. महिन्यानं, वर्षानं, किंवा कधीच नाही. तुझी उठेल का, ते मी काय, कोणीच सांगू शकत नाही."

"तिसरा," मी म्हटलं.

"घरच्यांना घेऊन ये, मग ठरवू."

"मी एकवीस वर्षांची आहे. तिसरा."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला विचारायचं होतं, डॉक्टरसाहेब, टाका असला तर भरतीत खरंच बाद करतात का? जिभेवर आलं होतं. पण तो हो म्हणाला असता तर? म्हणून नाही विचारलं. एवढी मारकुटी बाई मी, आणि एका प्रश्नाला घाबरले.

त्याला मला दवाखान्यात ठेवून घ्यायचं होतं, मी ऐकलं नाही. तेव्हा त्यानं रोज दोन वेळा दवाखान्यात येऊन सलाईन घ्यायला सांगितलं आणि एक कागद लिहून दिला. त्यावर मोठ्या अक्षरात, मराठीत: दुखणे परत आल्यास ताबडतोब येणे. पोट चोळू नये, दाबू नये. जुलाबाचे औषध घेऊ नये. खाली त्यानं दोनदा रेघ ओढली होती. मी तो कागद घडी करून पळायच्या बुटाच्या तळाखाली सरकवला.

घरी सांगितलं, गॅस झाला, सुया घ्यायच्या आहेत. तीन दिवस मलकापूरला गेले, दुखणं उतरलं. गोळ्या मात्र मी पुऱ्या नाही केल्या. त्या खाल्ल्या की पळताना मळमळायचं, वेळ चार-पाच सेकंदांनी मागं पडायची. बरं वाटतंय ना, मग कशाला? उरलेलं पाकीट मी नाल्यात फेकलं आणि गोळा घेऊन मैदानावर उभी राहिले.

ग्राउंडला चार दिवस उरले असताना दुखणं परत आलं.

आता आत्याबद्दल सांगायला पाहिजे. आत्या म्हणजे बापाची मोठी बहीण, सोनाळ्याला दिलेली, कापूस वेचायच्या दिवसांत दरवर्षी आमच्याकडे महिनाभर यायची. तिच्या हाताला गुण होता असं सगळे म्हणायचे. आमच्याकडे कोणाचं पोट दुखायला लागलं की पहिली शंका बेंबीवर. वजन उचललं, उडी मारली, पाय चुकीचा पडला की बेंबी जागची सरकते, आणि मग ती बसवावी लागते. आत्या बेंबी बसवायची. सकाळी उपाशीपोटी माणसाला उताणं निजवायचं, पोटाला तेल लावायचं, पाच बोटं एकत्र करून बेंबीत रोवायची आणि आतली धडधड कुठं लागते ते पाहायचं. जिकडं लागली तिकडून उजव्या अंगठ्यानं रेटत रेटत ती मधोमध आणायची. मग पायाचे अंगठे धरून झटका द्यायचा. बसली की तिथंच पडल्या पडल्या गूळ-भाकर खाऊ घालायची आणि पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधायचा. बाहेरगावची माणसं तिच्यासाठी येऊन बसायची. तिचा तो उजवा अंगठा जाड, रुंद, नख चपटं झालेला. लहानपणी मी ताप आला की तो अंगठा मुठीत धरून झोपायचे.

सकाळी मी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. आत्या येऊन बसली.

"कुठं दुखून राह्यलं?"

"आधी बेंबीपाशी दुखत होतं. आता इकडं उतरलं, उजवीकडं."

झालं. आईच्या तोंडावर एकदम सुटका दिसली. बेंबीपाशी उठलेलं दुखणं उजवीकडं उतरलं, म्हणजे बेंबी उजवीकडं सरकली, यात आमच्या घरात कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. गोळा फेकते पोट्टी, सरकणारच! अपेंडिक्सचं दुखणं असंच चालतं, आधी मधोमध आणि मग उजवीकडं, हे मलकापूरच्या डॉक्टरनं मला चित्र काढून सांगितलं होतं. त्या घरात ते मला एकटीला माहीत होतं.

आत्यानं पोटावर हात ठेवला आणि उचलला. परत ठेवला. "डॉक्टरनं काय सांगतलं होतं वं?"

"गॅस."

"आजून काही?"

"काही नाही. दाब तू."

तिनं उजवीकडं बोटं टेकवली आणि मी खाटेवरून उडाले. माझा पाय तिच्या छातीत बसला. ती भिंतीवर जाऊन आदळली, तिच्या डोक्यावरून पदर गेला. आई धावली. आत्या श्वास घेत म्हणाली, "नाही होत हे. जाऊ दे, दवाखान्यात ने इले."

मी तिला शिव्या दिल्या. माझ्या बापाच्या तोंडच्या शिव्या, तिच्या तोंडावर. "चार दिवसांवर ग्राउंड हाये माहं! साऱ्या गावाच्या बेंब्या बसवते आन् मले काऊन नाही? दाब म्हटलं ना! माहे पाय धर आई, हात धर, पण हिले दाबू दे!"

आईनं माझे पाय मांडीखाली घेतले, शेजारच्या दोन बायांनी हात धरले. तोंडात टॉवेल. आत्यानं तेल ओतलं आणि अंगठा रोवला. त्या दुखण्याचं वर्णन मला करता येत नाही. मी टॉवेल फाडला, एका बाईच्या दंडाला चावले, रक्त निघालं, तिच्या बांगड्या फुटून माझ्याच हातात घुसल्या. मी ओरडत होते आणि मधेच टॉवेल थुंकून म्हणत होते, "थांबू नोको, थांबू नोको." आत्याच्या कपाळावरून घाम गळत होता. तिचा अंगठा आत, आणखी आत गेला.

आणि एकदम दुखणं थांबलं.

खोटं नाही, एका क्षणात. आत काहीतरी सुटलं आणि सगळं पोट गार पडलं. मी रडता रडता हसायला लागले. "बसली! बसली!" आई ओरडली. बायांनी आत्याच्या पायाला हात लावले. मी पडल्या पडल्या गूळ-भाकर खाल्ली. बाप शेतातून आला, आईनं त्याला सांगितलं, तर त्यानं आतून नवं लुगडं आणून आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "बाई, तुह्या हातात देव हाये." आत्या हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत बसली होती.

अपेंडिक्स फुटली की आतला ताण जातो आणि थोडा वेळ बरं वाटतं. हे मला नंतर कळलं.

दुपारपर्यंत पोट पाटासारखं कडक झालं. थंडी वाजून ताप चढला. हिरवी उलटी झाली, त्यात सकाळची भाकर. बापानं ओळखीच्याची गाडी आणली आणि म्हणाला, मलकापूर जवळ आहे. मी त्याचा सदरा धरला. "मलकापूर नाही. तिकडचा डॉक्टर बेकार हाये. खामगावले चला." खामगाव दुप्पट लांब. पण मलकापूरच्या डॉक्टरनं मला पाहताच तोंड उघडलं असतं, आणि माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. मरायला टेकलेली मी, आणि हिशोब हा करत होते. गाडी खड्ड्यात आदळली की मी किंचाळायचे आणि आत्या माझं डोकं मांडीवर घट्ट धरायची.

खामगावच्या डॉक्टरांनी मला टेबलावर घेतलं तेव्हा त्यांच्यापुढं रस्ते उरलेच नव्हते. भोकं नाहीत, गोळ्या नाहीत. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उभं चिरलं, पू उपसला, पोट पाण्यानं धुतलं, कुशीतून एक नळी बाहेर काढून ठेवली. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, हातात नळी, पोटात नळी. बाजूला आई आणि बाप उभे. ते डॉक्टर राउंडला आले आणि त्यांनी विचारलं, "पोट दाबलं होतं का कोणी?"

आई म्हणाली, "हाव. बेंबी बसवली होती."

डॉक्टर बोलले, "दाबायला नको होतं. अर्थात दाबल्यानंच फुटलं की आपोआप, ते मी सांगू शकत नाही. उशीर झाला, हे मात्र नक्की." बापानं पहिलं वाक्य ऐकलं. पुढची दोन त्याच्या कानात गेलीच नाहीत.

आत्या वॉर्डाच्या दारातून आत येत होती, हातात पेजेचा डबा. बापानं तिचं मनगट धरलं आणि तिला माझ्या खाटेपर्यंत ओढत आणलं. "हाच ना? हाच हात ना?" तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तिनं त्याला कडेवर खेळवलेला. त्यानं तिचा उजवा हात माझ्या खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटला. एकदा. दुसऱ्यांदा. पेज माझ्या पांघरुणावर सांडली. "माही पोट्टी मारली तुनं! देव म्हटलं म्या तुह्या हाताले, देव!" तिसऱ्यांदा आपटला तेव्हा आवाज आला. आत्या ओरडली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. दांडीचा हादरा माझ्या टाक्यांपर्यंत येत होता.

नाकात नळी असली तरी बोलता येतं. मला बोलता येत होतं. "बाबा, म्याच सांगतलं तिले, डॉक्टरनं नाही म्हटलं होतं," एवढंच. चार शब्द बोलले असते तरी तो थांबला असता. मी डोळे मिटून घेतले.

नर्स आणि दोन-तीन माणसांनी त्याला ओढून बाहेर नेलं. आत्यानं हाताचा एक्स-रे काढून घेतला नाही. पदर फाडून अंगठा बांधला आणि एसटीनं सोनाळ्याला निघून गेली. अंगठा तसाच वाकडा जुळला. पुढच्या हंगामाला ती आली नाही, त्याच्या पुढच्या हंगामालाही नाही. गावात बोललं गेलं की हिनं भाचीला मारायलाच घेतलं होतं. सोनाळ्यातही तेच पोचलं. बाप तिचं नाव काढू द्यायचा नाही.

टाका भरायला मला बरेच महिने लागले. पण मी परत पळाले. टाक्यावर पट्टा बांधून पळाले, गोळा फेकला, पुढच्या भरतीत ग्राउंड काढलं, लेखी काढली. मग मेडिकल, बुलढाण्याला. आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तपासणाऱ्या बाईंनी मला कुडता वर करायला सांगितला, तो वीतभर वाकडातिकडा टाका पाहिला आणि विचारलं, "अपेंडिक्स?"

"हो मॅडम."

"आता काही त्रास?"

"नाही."

त्यांनी कागदावर खूण केली. "चल, पुढची."

एवढंच! मी कुडता खाली करायचं विसरून तिथंच उभी. पुढची पोरगी म्हणाली, ताई, सरका ना. बाहेर येऊन मी दवाखान्याच्या भिंतीवर मूठ मारली, बोटांची सालं निघाली. मग वडनेरला न जाता मी बसेस बदलत सोनाळ्याला गेले, बुटातला तो कागद घेऊन. घामानं पिवळा पडलेला, पण दोनदा ओढलेली रेघ शाबूत होती.

आत्या अंगणात डाव्या हातानं तूर पाखडत होती. मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरचं चित्र, तीन रस्ते, गोळ्या, कागद, खामगाव. वाटलं होतं ती मारेल. मार, असं मनातून म्हणत होते.

ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मले मालूम होतं."

"काय?"

"बेंबीचं पोट तापत नाही वं. तुह्यं तापलं होतं. हात ठेवला तवाच समजलं का हे येगळं हाये. माहा हात मले नाही म्हणत होता, आन् तू म्हणत होती दाब. म्या तुह्यं ऐकलं."

"मंग तू बाबाले काऊन नाही सांगतलं? मारत होता तवा?"

"काय सांगू? पोट्टीनं म्हटलं म्हून दाबलं? दाबलं तं म्याच ना." तिनं तो वाकडा अंगठा पदरात झाकला. "तवापासून एकाच्याबी पोटाले हात नाही लावला. येते कोणी तं सांगतो, जाय बाप्पा दवाखान्यात."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. भरतीत निवड झालेली धडधाकट बाई मी, पण रडले.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन घरी गेले. ती येत नव्हती, मी उचलून बसमध्ये बसवली म्हटलं तरी चालेल. बाप जेवायला बसत होता. आत्याला दारात पाहून तो उठला, त्याचा हात वर गेला. मी मधे उभी राहिले आणि तो कागद त्याच्या छातीवर दाबला.

"वाचा. तारीख वाचा. आत्यानं दाबायच्या आधीची हाये. मले डॉक्टरनं नाही म्हटलं होतं, म्या लपवलं. तिनं तं नाही म्हटलं, म्या शिव्या देऊन दाबाले लावलं. मारायचं तं मले मारा."

त्यानं कागद वाचला. परत वाचला. मग आत्याच्या पदराकडे पाहिलं. ती हात लपवत होती, त्यानं पदर बाजूला केला आणि तो अंगठा पाहिला. तो अंगणात गेला आणि त्यानं आपला उजवा हात दगडी पाट्यावर आपटला. रक्त उडालं. परत उचलला. आई किंचाळली. मी धावले, पण आत्या माझ्या पुढं गेली, आणि डाव्या हातानं तिनं त्याचं मनगट धरलं.

"पुरे झालं बे," ती म्हणाली. "माहा एक गेला. आता तुहाबी मोडला तं मले भाकर कोण मोडून देईन?"

तो तिथंच उकिडवा बसला आणि रडायला लागला. बापाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती त्याचं मनगट धरून उभी राहिली, तो थांबेपर्यंत.

मग आईनं ताटं वाढली. अंगठा वळत नसल्यामुळं आत्याला भाकर मोडता येईना. बापानं हाताला चिंधी गुंडाळली होती, तिच्यातून रक्त येत होतं. त्यानं तिच्या ताटातली भाकर उचलली, मान खाली घालून मोडली, वरणात कुस्करली, आणि ताट तिच्यापुढं सरकवलं.

आत्यानं ताटात पाहिलं.

"लय बारीक केली बे," ती म्हणाली. "दात हायेत माहे आजून."